घरगुती कॅम्परचा रंग दरवर्षी त्याच जागी फुगतो: कारण कसं ओळखायचं, इलाज काय

तक्रार बहुतेक वेळा एकाच छापाची असते. अँगलची चासी, त्यावर घरीच बांधलेली प्लायची बॉडी, कारमागे ओढायचा टीअरड्रॉप, म्हणजे थेंबाच्या आकाराचा छोटा झोपायचा ट्रेलर. एप्रिलमध्ये रंगवला तेव्हा झकास दिसत होता. पावसाळा गेला, ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि खालच्या कडेपासून वीतभर उंचीपर्यंत फोड आले. ते खरवडले, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरली, पुन्हा रंग मारला. पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच, आणि जागाही तीच.

जागा तीच असेल तर रंगाची कंपनी बदलण्यात पैसे घालू नका. रंगच खराब असता तर सगळीकडून सारखा गेला असता. ठरावीक जागी फुगतो याचा अर्थ तिथे लाकडात पाणी जातंय, आणि बहुतेक वेळा ते रंगाच्या मागून जातंय.

सोलापुरात हा त्रास जास्त दिसतो त्याला आपली हवा कारणीभूत आहे. कोकणाच्या मानाने आपला पाऊस काहीच नाही, वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास. पण त्याचा सगळ्यात मोठा हिस्सा सप्टेंबरात पडतो आणि त्याला लागूनच ऑक्टोबर हीट सुरू होते. प्लाय पोटभर पाणी प्यायला की लगेच डोक्यावर कडक ऊन. आतल्या ओलीची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट हवी असते, आणि एनॅमल किंवा पीयूचा (पॉलियुरेथेन रंगाचा) थर ती वाट देत नाही. मग वाफ थरच उचलते. मे महिन्यात पारा 43-44 पर्यंत गेला की उरलेलं काम होतं: लाकूड आकसतं, वरच्या पापुद्र्याला रेषांच्या दिशेने केसाएवढ्या भेगा पडतात, आणि जूनचा पहिला पाऊस त्या भेगांतून आत.

आधी पोपड्याची पाठ बघा

घासायला बसण्याआधी एक मोठा पोपडा पातळ सुरीने अखंड सोडवा आणि उलटा करून उजेडात धरा. निम्मं निदान तिथेच होतं.

पाठीला लाकडाचे तंतू चिकटून आले असतील तर रंगाने पकड सोडलेली नाही, खालचं लाकूडच सुटलंय. एक तर प्लायमध्ये ओल आहे, नाहीतर रंगवण्याआधी तो बरेच आठवडे उन्हात उघडा पडून करडा झाला होता आणि तो मेलेला थर न घासता वर प्रायमर लागला. पाठ स्वच्छ, गुळगुळीत आणि खालचं लाकूड कोरडं असेल, तर प्रायमर मुळात बसलाच नव्हता. तेलकट हात, मेण किंवा सिलिकॉन मधे आलं. बोटाला पांढरी भुकटी लागली तर लांबीने पाणी ओढलं. आणि खालचा रंग जागेवर, फक्त वरचा हात सुटलाय असं दिसलं तर रंगाच्या दोन हातांच्या मधे घासायचा पेपर मारलेला नाही.

न फुटलेला फोड मिळाला तर टाचणीने फोडा. पाण्याचा थेंब आला, अगदी बारीकसा का होईना, तर शोध पाण्याचा घ्यायचा. फोड कोरडा आणि पोकळ निघाला, आणि रंग लावल्यावर पहिल्या काही दिवसांतच आला असेल, तर भर उन्हात रंगवल्यामुळे वरची साय आधी वाळली आणि थिनर खाली अडकला. ही दुसरी भानगड त्यामानाने किरकोळ: घासा, सावलीत रंगवा, सुटलात.

मग फोडाच्या आजूबाजूला बोटाच्या गाठीने ठोकत जा. घट्ट प्लायचा आवाज आणि सुटलेल्या प्लायचा पोकळ आवाज यातला फरक लगेच कळतो. पोकळ आवाजाची हद्द पेन्सिलीने आखून घ्या. ती फोडांच्या हद्दीपेक्षा हमखास मोठी निघते, आणि पाणी कुठून येतंय ते तिच्या आकारावरून समजतं. तळाला रुंद आणि वर निमुळती असेल तर पाणी खालच्या कडेतून चढतंय. खिडकीच्या कोपऱ्यातून खाली ओघळ असावा तशी असेल तर खिडकी. एका ओळीत गोल गोल ठिपके असतील तर ते स्क्रू आहेत. शेवटी दाभण घ्या आणि आखलेल्या भागात टोचून बघा. टोक दाबल्याशिवाय आत जात नसेल तर प्लाय वाचलाय. सहज रुतत असेल तर तेवढा तुकडा कापून बदला. कुजलेल्या लाकडावर कुठलंही रसायन ओतून ते पुन्हा लाकूड होत नाही.

पण प्लाय तर मरीन होता!

हे वाक्य प्रत्येक वेळी ऐकावं लागतं, म्हणून जरा थांबतो. आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असलेल्या मरीन प्लायची चाचणी 72 तास उकळत्या पाण्यात होते. त्या चाचणीत थरांमधला डिंक सुटत नाही. लाकूड पाणी पीत नाही असा त्याचा अर्थ नाही. डिंक टिकतो, लाकूड मात्र भिजतं, फुगतं, वाळतं, आकसतं आणि वरचा रंग त्याच्याबरोबर ओढला जातो.

त्यातही समोरून बघाल तर प्लाय पाणी हळू पितो. कड वेगळी. कापलेली कड म्हणजे आडव्या छाटलेल्या उसाच्या मोळीचं तोंड: हजारो उघड्या नळ्या. खालची कड अँगलच्या आतल्या कोपऱ्यात टेकलेली असली तर तिथे साचलेलं पाणी या नळ्या दिवसभर ओढत राहतात. आणि रंगारी नेमकी हीच कड सोडतो, कारण बॉडी बसवल्यावर तिथे ब्रश पोचत नाही.

एका दुरुस्तीच्या वेळी मिस्त्री मला म्हणाले, "मालक, मी तीन हात मारलेत, कुठं कमी ठेवलेलं नाही." खोटं नव्हतं. दिसत होतं तिथे तीन हात होतेच. बॉडी जॅकवर चार बोटं उचलली आणि खालून आरसा धरला, तर कडेला करवतीच्या खुणा कोऱ्याच्या कोऱ्या.

पाण्याच्या वाटा बंद करणं

खरं काम हे आहे, आणि वेळ इथेच घालवायचा. रंग सगळ्यात शेवटी.

आधी सुकवणं. सुटलेला रंग पूर्ण काढा, आतलं अस्तर खोलता येत असेल तर खोला, आणि ट्रेलर सावलीत वाऱ्याला ठेवा. ओल मोजायचं मीटर मिळालं तर 12 टक्क्यांच्या खाली येईपर्यंत थांबा. मीटर नसेल तर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर उन्हात ठेवा. आतून बाष्प धरलं तर अजून वेळ आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे या कामाचा हंगाम. गाळप चालू असताना साखर कारखान्याच्या वाऱ्याखाली राहत असाल तर मात्र ओल्या रंगावर बगॅसची (उसाच्या चिपाडाची) काळी राख बसते, तेव्हा शेडला पडदे लावा.

मग कडा. कडेला इपॉक्सी रेझिन, हार्डनर घालून पण भुसा वगैरे काही न मिसळता, ब्रशने पाजायचं. पहिला हात काही मिनिटांत गायब होतो; ओलं असतानाच दुसरा, मग तिसरा, कड चकाकत राहीपर्यंत. बाहेरचे टोकदार कोपरे त्याआधी कानशीने किंवा पेपरने गोल करून घ्या, निदान सहा मिलिमीटरची गोलाई हवी. धारदार कोपऱ्यावर कुठलाही रंग पातळ बसतो आणि फायबरचं (काचेचं) कापड तिथे उचललं जातं.

स्क्रूची भोकं हा दुसरा चोर. स्क्रू काढा, भोक मोठ्या ड्रिलने वाढवा, इपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा कालवून ते भरा, सुकल्यावर मधोमध नवं बारीक भोक पाडा. आता स्क्रूच्या चहूबाजूंनी इपॉक्सी आहे, आटा ढिला झाला तरी पाणी लाकडाला शिवत नाही. कंटाळवाणं काम आहे. दिवे, कडी, नंबरप्लेट, पायरी, सगळ्यांच्या भोकांना हेच करावं लागतं.

चासीच्या अँगलला पाणी निघायला भोकं पाडा, फूट-फूट अंतरावर आठ मिलिमीटरची चालतील. नवी बॉडी बांधत असाल तर बाहेरचा प्लाय अँगलच्या खाली बोटभर उतरवा, म्हणजे पागोळी अँगलवर न पडता थेट जमिनीवर पडते.

खिडकी आणि दाराच्या चौकटीला बहुतेकांनी सिलिकॉन मारलेलं असतं. ते काढताना जीव जातो आणि काढल्यावरही त्याचा न दिसणारा थर मागे राहतो. त्यावर रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. आधी यांत्रिकपणे खरवडून, मग सिलिकॉन रिमूव्हरने, दर पुसण्याला नवी चिंधी घेऊन साफ करा. एकच चिंधी फिरवली तर सिलिकॉन सगळीकडे पसरतं. पुन्हा बसवताना चौकटीखाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) किंवा पीयू सीलंट वापरा. पीयू सीलंटवर रंगही बसतो.

कापड आणि रेझिन

केसाएवढ्या भेगा नुसत्या रंगाने थांबत नाहीत. पाच हात मारा, दहा मारा, लाकूड हललं की रंग फाटतो. तिथे कापडच लागतं. 200 जीएसएमचं (चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचं) विणलेलं काचेचं कापड आणि इपॉक्सी, हा माझ्या मते छपरासाठी एकमेव भरवशाचा मार्ग. आठ बाय चारच्या एका प्लायला साधारण दीड किलो रेझिन धरून चाला.

पाण्याच्या टाक्या आणि पत्रे करणारे एफआरपीवाले (फायबरग्लासवाले) पॉलिएस्टर रेझिन वापरतात. ते स्वस्त पडतं, पण प्लायवर त्याची पकड इपॉक्सीइतकी नसते आणि सुकताना ते जास्त आकसतं. काही मोसमांनंतर अख्खा थर चादरीसारखा सुटून येतो. वापरायचंच ठरवलं तर एक गोष्ट जिवाची: रेझिन सुकवायला घालतात ते कोबाल्ट आणि कॅटलिस्ट एकमेकांत थेट कधीही ओतू नका. भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण कालवायचं, मग कॅटलिस्ट.

इपॉक्सीचं गणित वेगळं आहे. हार्डनर जास्त घातला की लवकर सुकतं, ही समजूत पॉलिएस्टरवरून आलेली. इपॉक्सीत प्रमाण चुकलं की माल कायमचा चिकट राहतो. डब्यावर दिलेलं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं ते वाचा आणि वजनाचं असेल तर सोनाराच्या नाही, पण निदान स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजा.

आता आपल्या उन्हाचं. 25 अंशाला अर्धा तास हाताळता येणारं मिश्रण 35 अंशाला साधारण निम्म्या वेळात जातं. खोल डब्यात ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडून गोळा होतं. म्हणून थोडं थोडं कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ओता. शक्यतो सावकाश सुकणारा हार्डनर मागा.

आणखी एक बारकावा, जो कुणी सांगत नाही. सकाळी लाकूड तापत जातं तेव्हा त्याच्या छिद्रांतली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढते. दुपारी तीन-चारनंतर तापमान उतरायला लागलं की तीच हवा आकसते आणि रेझिन आत ओढून घेते. म्हणून पहिला हात नेहमी उतरत्या उन्हाला, तोही शेडखाली. थंडीत उघड्यावर केलंत तर पहाटेचं दव पृष्ठभाग पांढुरका करून टाकतं.

सुकल्यावर इपॉक्सीवर मेणचट थर येऊ शकतो. तो थिनरने जात नाही, साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने जातो. आधी धुवा, मगच पेपर मारा. उलटं केलंत तर तो थर घासून घासून खोबणीत भरला जातो, आणि वरचा रंग वर्षभरात स्वच्छ पाठीने सुटून येतो.

मांजरपाट चालेल का?

गिरण्यांच्या गावात हा प्रश्न येणारच. परदेशात बरेच जण काचेच्या कापडाऐवजी कॅनव्हास, पाण्याला टिकणारा लाकडाचा गोंद आणि बाहेरच्या भिंतीचा अ‍ॅक्रिलिक रंग वापरतात. आपल्याकडे सुती कापडाला तोटा नाही, तेव्हा करून बघायला हरकत नाही. अटी दोन. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, ती सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन पूर्ण काढावी लागते. खळीवर गोंद धरत नाही, आणि धुतल्याने कापड आधीच आटून घेतं. दुसरी अट गोंदाची. साधा पांढरा गोंद ओलीत पुन्हा मऊ पडतो. डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलेलाच घ्या, आणि घेण्याआधी त्याने चिकटवलेला एक तुकडा बादलीत रात्रभर बुडवून स्वतः ओढून बघा.

बाजूंना हे चांगलं टिकतं. अ‍ॅक्रिलिक रंग थोडी वाफ जाऊ देतो, त्यामुळे फोडही कमी येतात. चकाकी येत नाही, कॅनव्हासचा पोत दिसतो. कुणाला आवडतो, कुणाला नाही. छपरावर मात्र मी सुचवणार नाही. तिथे पाणी थांबतं, आणि सुती धागा ओला राहिला की कुजतो.

लांबी

भिंतीची पांढऱ्या सिमेंटची पुट्टी प्लायवर लावू नका. भिंत हलत नाही, ट्रेलर प्रत्येक गतिरोधकावर हलतो. होटगी रोडच्या एका फेरीत ती सांध्यावर तडकते. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी ओरखड्यापुरती ठीक, जाड भरली की आकसते. गाडीची पॉलिएस्टर लांबी चांगली, पण तिच्यात टाल्क असतं आणि उघडी राहिली तर ती पाणी ओढते. घासून झाल्यावर त्याच दिवशी प्रायमर मारा, रात्रभर उघडी ठेवू नका.

पाणी लावून पेपर मारत असाल तर बोअरचं पाणी टाळा. ते सुकलं की क्षार मागे राहतात, रंगाखाली अडकतात आणि पुढे ओल ओढून बारीक पुरळासारखे फोड उठवतात. शेवटचं धुणं आरओ फिल्टरच्या पाण्याने करा आणि वाळायच्या आत पुसून घ्या.

रंग

इपॉक्सी उन्हाने पिवळी पडते आणि खडूसारखी होते, तेव्हा तिच्यावर रंग हवाच. ताज्या इपॉक्सीवर साधा एनॅमल कधी कधी आठवडाभर चिकट राहतो, म्हणून मधे टू-पॅक (हार्डनर वेगळा मिळणारा) इपॉक्सी प्रायमर आणि वर टू-पॅक पीयू. पीयूचा हार्डनर ओलीशी लगेच भांडतो. पावसाळी हवेत किंवा कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी न सोडता गन मारली तर सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही; ऑरगॅनिक व्हेपर काट्रिजचा मास्क लागतो.

रंग पांढरा, क्रीम, फार तर फिका राखाडी. काळा किंवा गडद हिरवा फोटोत भारी दिसतो, पण मे महिन्याच्या दुपारी गडद पृष्ठभाग 70 अंशांपर्यंत तापतो. घरगुती सुकवलेली साधी इपॉक्सी 50-60 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. मग कापडाची वीण रंगातून वर उमटते आणि कडा उचलतात. आत झोपणाऱ्याचं काय होतं ते वेगळंच.

वर पत्रा असेल तर

जस्ती पत्र्यावर थेट एनॅमल मारला असेल तर तो सुटणारच. जस्त आणि एनॅमलमधलं तेल यांचा साबण होतो. पूर्ण काढून एच (etch) प्रायमरपासून, म्हणजे धातूला चावून बसणाऱ्या प्रायमरपासून, सुरुवात करा. अ‍ॅल्युमिनिअमलाही एच प्रायमर लागतो, आणि घासल्यानंतर लगेच, कारण त्याच्यावर ऑक्साइडचा थर तत्काळ परत येतो. अ‍ॅल्युमिनिअमचा आठ फुटी पत्रा तापमानात 40 अंशांचा फरक पडला की दोन मिलिमीटरहून थोडा जास्त लांबतो. चारही बाजूंनी घट्ट आवळलात तर मधे फुगतो आणि सांध्याचं सीलंट फाडतो. एका बाजूची भोकं लांबट ठेवा.

दुरुस्तीनंतर दरवर्षी मे अखेरीस, पावसाच्या आधी, एक फेरी मारा. चौकटीच्या सीलंटला नखाने चाचपा, छपराच्या सांध्यावर हात फिरवा, खालच्या कडेखाली आरसा धरा. समोरच्या खालच्या भागावर कारच्या चाकांनी उडवलेल्या खडीचे टवके असतातच. प्रत्येक टवका घासून थेंबभर इपॉक्सी आणि वर रंगाचा ठिपका लावा. टवके दरवर्षी वाढतच असतील तर तेवढ्या भागावर अ‍ॅल्युमिनिअमचा चेकर्ड पत्रा पीयू सीलंटवर बसवून टाका, आणि त्याची खालची कड मोकळी सोडा, म्हणजे मागे शिरलेलं पाणी निघून जाईल.